'तुमचं मूल खोटं बोलेल': अमेरिकेतल्या 'सुधारणा केंद्रां'चा कारभार चालतो कसा

पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी झोपेत असते. खोलीतला दिवा लागतो आणि पलंगाशेजारी दोन अनोळखी धिप्पाड माणसं उभी दिसतात. ऊठ, बूट घाल, आमच्याबरोबर यायचंय. मुकाट्याने आलीस तर बरं, नाहीतर हातकड्या आहेत. मुलगी घाबरून आईबाबांना हाका मारते. आईबाबा दारातच असतात. डोळ्यांत पाणी असतं, पण मध्ये कोणी पडत नाही. कारण ही माणसं त्यांनीच पैसे मोजून बोलावलेली असतात.

अमेरिकेत याला अपहरण म्हणत नाहीत. पालकांनी आधीच कागदांवर सह्या करून मुलाचा तात्पुरता ताबा या 'ट्रान्सपोर्ट' कंपनीला दिलेला असतो. तिथून गाडी, मग विमान, मग कुठल्यातरी दूरच्या राज्यातली एक इमारत किंवा वाळवंटातला तंबू. हिल्टन हॉटेलवाल्यांच्या घरातली प्रसिद्ध पॅरिस हिल्टन, तिने २०२० साली आपल्यावरच्या माहितीपटात अशाच एका रात्रीची हकिकत सांगितली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती युटा राज्यातल्या प्रोवो कॅन्यन स्कूलमध्ये सुमारे अकरा महिने होती. मारहाण, बळजबरीच्या गोळ्या आणि एकांतवासाच्या खोल्या असे तिचे आरोप आहेत. सध्याच्या मालक कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही ही संस्था २००० साली घेतली, त्याआधीच्या काळाबद्दल आम्ही बोलू शकत नाही. हिल्टन बोलल्यावर मात्र तशीच कहाणी असलेली शेकडो माणसं पुढे आली. आज त्यातली कोणी चाळिशीत आहेत, कोणी साठीत.

या साऱ्या उद्योगाला तिकडे 'ट्रबल्ड टीन इंडस्ट्री' म्हणतात. संस्थांच्या पाट्या वेगवेगळ्या असतात: रेसिडेन्शिअल ट्रीटमेंट सेंटर, थेरप्युटिक बोर्डिंग स्कूल, वाइल्डरनेस थेरपी म्हणजे रानावनातली शिबिरं, आणि लष्करी थाटाचे बूट कॅम्प. चांगल्या संस्था या यादीत नाहीतच असं नाही. गंभीर मानसिक आजारात काही मुलांना काही काळ निवासी उपचार लागतातच. पण बाहेरून पाहणाऱ्या पालकाला चांगली संस्था कुठली आणि भयंकर कुठली हे ओळखू येत नाही. माहितीपत्रकावर सगळीकडे तेच घोडे, तेच डोंगर आणि तीच हसरी मुलं असतात.

मुलं इथे दोन वाटांनी येतात. एक वाट खात्यापित्या घरांची. मुलगा गांजा ओढतो, मुलगी रात्री घरी येत नाही, शाळा बुडते, नैराश्य आहे, कधी मुलगा समलिंगी आहे एवढंच. आईबाप हवालदिल झालेले असतात. कोणीतरी 'एज्युकेशनल कन्सल्टंट' गाठून देतो, तो संस्था सुचवतो आणि महिन्याला हजारो डॉलर सुरू होतात. २००८ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या, म्हणजे गाओच्या अधिकाऱ्यांनी खोटे पालक बनून अशा ठिकाणी फोन केले. एका प्रकरणात संस्था सुचवणारा सल्लागार आणि त्या संस्थेची मालकीण हे नवरा-बायको निघाले.

दुसरी वाट गरीब मुलांची, आणि तिची चर्चा फारच कमी होते. आईवडिलांपासून काढून सरकारने ताब्यात घेतलेली फॉस्टर केअरमधली मुलं, बालन्यायालयाने पाठवलेली, मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेवरची. यांचं बिल करदाते भरतात. यांच्या दारात रडणारे आईबापही नसतात. मुलाला ठेवायला जागा नसते आणि कुठेतरी एक खाट रिकामी असते, एवढ्यावर मूल आठशे मैल दूर जातं.

आपल्याकडे 'बोर्डिंगात टाकीन हं' ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथे या धमकीचं रीतसर दुकान थाटलं गेलं, आणि ते एका दिवसात थाटलं गेलं नाही.

मुळाशी जायचं तर १९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक नावाच्या, दारू सोडलेल्या माणसाने काढलेली सिनॅनॉन ही व्यसनमुक्ती संस्था पाहावी लागते. तिथल्या उपचाराचं नाव होतं 'गेम'. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकाला धारेवर धरायचं. शिव्या, आरोप, टिंगल, समोरचा कोसळेपर्यंत. कल्पना अशी, की माणसाचा खोटा मुखवटा फोडला की आतला खरा माणूस सापडतो. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. आधीचे व्यसनीच नव्या व्यसनींचे उपचारक. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी या संस्थेला डोक्यावर घेतलं होतं. पुढे ती सरळसरळ पंथ झाली. सदस्यांची मुंडणं झाली, पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली, आणि १९७८ साली विरोधात खटले लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत संस्थेच्या माणसांनी जिवंत रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप, सोडला. वकील वाचला, संस्थेची अब्रू गेली.

पण तोवर तिचं बी पसरलेलं होतं. सिनॅनॉनच्या प्रभावातून १९६७ साली कॅलिफोर्नियात सीडू ही किशोरवयीन मुलांची शाळा निघाली, आणि तिथे काम केलेल्यांनी पुढे आपापल्या शाळा काढल्या. १९७० साली फ्लोरिडात 'द सीड' ही मुलांची व्यसनमुक्ती संस्था सुरू झाली. तिला सरकारी अनुदानही होतं. १९७४च्या सिनेट उपसमितीच्या अहवालाने तिच्या पद्धतींची तुलना कोरियन युद्धात उत्तर कोरियाने कैद्यांवर वापरलेल्या 'ब्रेनवॉशिंग'शी केली. एवढं छापून आल्यावर कुठलीही कल्पना मेली असती, असं आपल्याला वाटतं. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच राज्यात त्याच धर्तीवर 'स्ट्रेट' ही संस्था उभी राहिली. १९८५ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन प्रिन्सेस डायनाला घेऊन तिच्या एका केंद्राला भेट द्यायला गेल्या होत्या! खटले आणि चौकशा होत होत स्ट्रेट १९९३ साली बंद पडली. तिच्या संस्थापकांपैकी एक, मेल सेम्बलर, अमेरिकेचे ऑस्ट्रेलियात आणि नंतर इटलीत राजदूत झाले. हा धंदा अंधाऱ्या गल्लीत वाढला नाही, हे ध्यानात यावं म्हणून एवढं सांगितलं.

आता आत काय चालतं ते पाहू. संस्थेगणिक तपशील बदलतात, गाभा बहुतेक ठिकाणी तोच असतो. आल्या आल्या कपडे, फोन, पुस्तकं काढून घेतात. झडती होते, पुष्कळदा विवस्त्र करून. मग मुलाला 'लेव्हल एक' मिळते. लेव्हल एकवर असताना परवानगीशिवाय बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं नाही, संडासला जायचं तर हात वर करायचा. रोज गुण मिळतात आणि कापले जातात. नजर वर केली, गुण गेले. दुसऱ्या मुलाकडे पाहून हसला, गेले. ठरावीक गुण झाले की वरची लेव्हल. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला घरी फोन करता येतो, गोड खायला मिळतं. आणि वरच्या लेव्हलचं एक कामही असतं: खालच्या मुलांवर नजर ठेवणं आणि त्यांच्या चुका कळवणं. म्हणजे सुटायचं असेल तर सोबत्याची चहाडी करावी लागते. काही महिन्यांनी कोणी कोणाशी मनातलं बोलत नाही.

जमैकात १९९७ ते २००९ चाललेल्या ट्रँक्विलिटी बे या संस्थेत अमेरिकी मुलं ठेवली जात. युटामधल्या एका साखळीशी ती जोडलेली होती. तिथे नियम मोडणाऱ्याला 'ऑब्झर्व्हेशन प्लेसमेंट' देत, थोडक्यात ओपी. रिकाम्या खोलीत फरशीवर पालथं पडून राहायचं, शेजारी पहारेकरी. अधूनमधून उठून हातपाय मोकळे करू देत, की परत पालथं. काही मुलांनी असे आठवडेच्या आठवडे काढले. संस्था परदेशात का, याचं कारण उघड आहे: अमेरिकी निरीक्षक तिथे येत नाही. याच साखळीच्या कोस्टा रिकातल्या केंद्रावर २००३ साली आणि मेक्सिकोतल्या केंद्रावर २००४ साली तिथल्या सरकारांनी कारवाई केली. कुलूप लावायला मेक्सिकोचं सरकार पुढे आलं, मुलं मात्र अमेरिकेची होती.

मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं ऐकून कोणीही विचारेल: अहो, मग मुलं आईबापांना सांगत का नाहीत?

सांगतात. या साऱ्या व्यवस्थेची खरी कळ तिथेच आहे. मूल दाखल होतानाच पालकांच्या हातात एक पुस्तिका पडते. अनेक संस्थांच्या पुस्तिकांत थोड्याफार फरकाने एकच मजकूर सापडला आहे: तुमचं मूल तुम्हाला सांगेल की इथे मारतात, जेवण वाईट आहे, मी आजारी आहे, मला घरी न्या. विश्वास ठेवू नका. हे 'मॅनिप्युलेशन' आहे, म्हणजे तुम्हाला घोळात घेणं, आणि याच सवयीसाठी तर तुम्ही त्याला इथे आणलंय. तुम्ही विरघळलात तर आजवरची सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्या फोनचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सहा-आठ आठवड्यांनी मिळालेली दहा मिनिटं. मुलाच्या शेजारी समुपदेशक बसलेला, फोन स्पीकरवर. मुलगा म्हणतो, 'आई, इथे मला...' समुपदेशक बटण दाबून फोन तोडतो. मग तोच आईला फोन लावून शांतपणे सांगतो, 'पाहिलंत? आम्ही म्हटलं होतं तसंच झालं.' आईला हायसं वाटतं, कारण भाकीत खरं ठरलं. मुलगा लेव्हल एकवर परत. पुढच्या फोनला तो म्हणतो, मी ठीक आहे, माझ्या चुका मला कळतायत, थँक यू मॉम. ही सुधारणा म्हणून फायलीत नोंदली जाते.

थोडक्यात, तक्रार हेच रोगाचं लक्षण ठरवलं गेलंय आणि गप्प बसणं हा बरं होण्याचा पुरावा. अशा व्यवस्थेत खरी तक्रार आणि खोटी तक्रार वेगळी ओळखायला एकही फट उरत नाही. मला तर मारझोडीपेक्षा हा भाग जास्त भयानक वाटतो. मारझोड करणारा एखादा कर्मचारी काढून टाकता येतो. इथे सज्जन कर्मचारीसुद्धा मुलाचं म्हणणं खरं मानत नाही, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं.

याचे परिणाम जिवावर बेततात. १९९४ साली युटाच्या वाळवंटातल्या एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोटदुखीने तळमळत होता. चालवत नव्हतं, वजन वीसेक पौंडांनी उतरलेलं. शिबिरातल्यांनी त्याला ढोंगी ठरवलं. अल्सर फुटून पोटात जंतुसंसर्ग पसरला, पेरिटोनायटिस झाला आणि तो गेला. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्याच युटा राज्यात, डायमंड रँच अकॅडमीत, सतरा वर्षांची मुलगी गेली. पोट दुखतंय, उलट्या होतायत, असं ती सांगत होती. कारण पुन्हा पेरिटोनायटिस. ती नाटक करतेय असं समजून तिकडे दुर्लक्ष झालं, असा तिच्या वडिलांच्या दाव्यातला आरोप. २०२३ साली राज्याने त्या संस्थेचा परवाना पुढे वाढवला नाही. दोन मृत्यूंमध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वाचतात असा हा आजार. एकदा कोणी 'खरंच दुखतंय का बघू' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

२००६ साली फ्लोरिडातल्या बूट कॅम्पमध्ये चौदा वर्षांचा मुलगा पळता पळता कोसळला. तो बहाणा करतोय असं धरून पहारेकऱ्यांनी त्याला झोडपलं आणि अमोनियाच्या कुप्या नाकाशी धरल्या. नर्स शेजारी उभी होती. हे सगळं कॅमेऱ्यात आहे. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. २००७ साली ज्युरीने आठही आरोपींना निर्दोष सोडलं. राज्याने मात्र बालगुन्हेगारांचे असले कॅम्पच बंद करून टाकले.

गाओने २००७च्या ऑक्टोबरमध्ये संसदेपुढे अहवाल ठेवला. १९९०पासून छळाच्या हजारो तक्रारी, त्यांत मृत्यूही. एकट्या २००५ साली ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतल्याचं कळवलं होतं. अहवालाने दहा मृत्यू तपशिलाने तपासले. त्यांत पुन्हा पुन्हा दिसलेल्या गोष्टींपैकी तीन अशा: अप्रशिक्षित कर्मचारी, ढिसाळ व्यवस्थापन, आणि मूल मरणाच्या दारात असतानाही ते ढोंग करतंय अशी ठाम समजूत.

मग कायदा काय करतो? अमेरिकेत या संस्थांवर अंकुश ठेवण्याचं काम राज्यांचं. एका राज्यात परवाना लागतो, शेजारच्यात लागत नाही. मिसुरीत धार्मिक निवासी शाळांना परवाना लागत नाही, २०२१पर्यंत तर राज्याला साधं कळवावंही लागत नव्हतं, आणि साहजिकच अशा शाळांनी तिथे गर्दी केली. एका राज्याने दार बंद केलं की तीच माणसं दुसऱ्या राज्यात नवी पाटी लावतात. शिवाय १९७९च्या पार्‌हम विरुद्ध जे. आर. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की पालक अल्पवयीन मुलाला मनोरुग्णालयात दाखल करू शकतात, त्याआधी न्यायालयात रीतसर सुनावणी होण्याची गरज नाही. तटस्थ तज्ज्ञाने तपासलं की पुरे. चोरी करून सापडलेल्या मुलाला वकील मिळतो. गांजा ओढला म्हणून आईबापांनी पाठवलेल्याला मिळत नाही.

आणि पैसा. संस्थेला पैसे मिळतात ते भरलेल्या खाटेमागे, दिवसागणिक. सर्वांत मोठा खर्च माणसांचा. नफा वाढवायचा सोपा रस्ता म्हणजे माणसं कमी, पगार कमी, प्रशिक्षण कमी आणि मुलं जास्त दिवस ठेवणं. थोड्या माणसांना खूप मुलं आवरायची असली की बोलून समजूत काढायला वेळ नसतो, मग दाबून धरणं आणि गुंगीची इंजेक्शनं येतात. २०२०च्या एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या कलामझूच्या एका केंद्रात फॉस्टर केअरमधल्या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने जेवणघरात सँडविच फेकलं. एवढ्यावरून अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर पाडून सुमारे बारा मिनिटं अंगावर भार देऊन दाबून धरलं. दोन दिवसांनी तो मेला.

सिनेटच्या अर्थ समितीने रॉन वायडन यांच्या अध्यक्षतेखाली दोन वर्षं चौकशी करून २०२४च्या जूनमध्ये अहवाल दिला. तपास चार मोठ्या संस्थांचा होता, त्यांत शेअर बाजारात नोंदलेल्या युनिव्हर्सल हेल्थ सर्व्हिसेस आणि अकेडिया होत्या, तशीच डेव्हरू ही ना-नफा संस्थाही. निष्कर्ष असा, की मुलांना होणारी इजा हा अपवाद नाही, धंद्याच्या रचनेतूनच ती येते. कंपन्यांनी हे अमान्य केलं.

हे सगळं सोसून मुलं सुधारतात तरी का? 'मला त्या जागेने वाचवलं' असं सांगणारी माणसं आहेत, आणि ती खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण भीती दाखवून आणि कडक शिस्तीने वठणीवर आणणारे कार्यक्रम उपयोगी पडत नाहीत, उलट प्रश्न चिघळवू शकतात, असं अमेरिकेच्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने २००४ साली सांगितलं होतं. त्याच मंडळाने ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत मूल घरीच राहतं आणि समुपदेशक सगळ्या कुटुंबाबरोबर काम करतो. त्यात आईबापांनाही बदलावं लागतं, म्हणून ते विकणं अवघड.

अलीकडे थोडं हललं आहे. युटाने २०२१ साली कायदा बदलला: गुंगीची औषधं देऊन गप्प करणं, पालथं पाडून दाबणं यांवर बंधनं, वर्षातून चार वेळा तपासणी, आणि दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलण्याची सोय. हिल्टन आणि इतरांनी लावून धरलेला केंद्रीय कायदा २०२४च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला. तो फार काही करतो असं समजू नका. त्यात बंदी नाही, परवाना नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अभ्यास करावा आणि चांगल्या पद्धती सुचवाव्यात, इतकंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या रानातल्या शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत गुदमरून मेला होता. झोपायच्या पिशवीची चेन उघडली तर वाजेल असा गजर लावून त्याला बंद पिशवीत झोपवलं होतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही सोळा वर्षांची मुलं आहेत आणि हवालदिल आईबापही. तिकडे मामा-काका जवळ नसतात, शाळेचा समुपदेशक एखादं नाव सुचवतो आणि माहितीपत्रक देखणं असतं. अशा वेळी विचारायचे प्रश्न साधे आहेत. परवाना कोणत्या खात्याचा, आणि तपासणीचे जुने अहवाल बघता येतील का? मुलाला दाबून धरण्याचे किंवा कोंडण्याचे प्रकार गेल्या वर्षात किती झाले? रात्री किती मुलांमागे एक माणूस असतो, आणि त्या वेळी पोट दुखलं तर डॉक्टरला बोलवायचं की नाही हे कोण ठरवतं? न सांगता भेटायला येऊ शकतो का? पहिल्या आठवड्यापासून मुलाशी फोनवर बोलता येईल का, आणि त्या वेळी त्याच्या खोलीत दुसरं कोणी असेल का? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ ठिकाणी अजूनही सांगतात, की सुरुवातीचे काही आठवडे बोलणं बंद ठेवावं लागतं, उपचाराचा भागच आहे तो. हे उत्तर आलं की बॅग भरू नये.